वारा नेईल, पण परत कोण आणील?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

भाकऱ्या थापत ऐकत असाल तर थापत राहा, काजू सोलत बसला असाल तर तेही चालू द्या. आज आम्ही बोलणार आहोत शिडाच्या होडीवर. बचत गटाच्या कार्यक्रमात शीड कुठून आलं, असं कुणालाही वाटेल. आमच्या गटात ते दोन वाटांनी आलं, आणि दोन्ही एकाच महिन्यात.

पहिली वाट पर्यटनाची. तालुक्याच्या बैठकीत सूचना आली की खाडीकाठच्या गटांनी होडी घ्यावी, पाहुण्यांना फिरवावं, कर्जाची सोय होईल. मग प्रश्न आला, कसली होडी? वल्ह्याची, इंजिनाची, की शहरातली माणसं हौसेने पैसे मोजून बसतात ती शिडाची? दुसरी वाट घरातून आली. गटातल्या एका ताईंची मुलगी नववीत. सुट्टीत गोव्याला शिडाच्या होड्यांचं शिबिर होतं, तिला तिथे जायचं होतं. ताई गटाकडे दोन गोष्टी मागायला आल्या, कर्ज आणि सल्ला. कर्जाचं एका बैठकीत झालं असतं. सल्ल्यासाठी आम्हाला तीन बैठका लागल्या.

कारण शीड म्हणजे काय हे आम्हाला खाडीकाठी राहूनही नीट ठाऊक नव्हतं. आमच्या आज्यांना ठाऊक होतं. त्यांचे बाप-भाऊ पहाटेच्या मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, शीड उभारून बाहेर जायचे आणि दुपारी खारा वारा सुटला की त्याच्यावर घरी यायचे. वारा सकाळी नेई, दुपारी आणी. माल नेणारे मचवे आणि पडाव याच हिशेबावर चालायचे. पुढे इंजिन आलं, डिझेल आलं, आणि शीड उतरलं ते उतरलंच. आमच्या वाडीत शेवटचं शीड गवताची कुडी झाकायला बरीच वर्षं वापरलं. घट्ट विणीचं कापड, पाऊस आत येऊ द्यायचं नाही.

या जुन्या शिडाबद्दल एक सांगायला हवं. बायांनी होडीला वंगण लावलं, जाळी विणली, मासळी विकली, होडीची पूजा केली, पण शिडाची दोरी फारशी कुणी आमच्या हातात दिली नाही. तेव्हा आता आपण शीड पाहतो ते जुनं परत आणायला नाही. आपल्यासाठी ते नवंच आहे.

बैठकीत पहिला खरा प्रश्न त्या ताईंनीच विचारला. आमच्या मालवणीत म्हणाल्या, "वारो घेवन जातलो, पण परत कोण हाडतलो?" वारा घेऊन जाईल, पण परत कोण आणील? सगळ्या हसल्या. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वारा समुद्राकडे वाहत असेल आणि घर वाऱ्याच्या दिशेला असेल, तर पोरगी घरी कशी येणार?

याचं उत्तर असं. शीड नुसतं वाऱ्याने ढकललं जात नाही. वारा आडवा आला तरी शिडाच्या फुगवट्यावरून वाहताना तो होडीला ओढतो. ही ओढ थोडी पुढे आणि बरीचशी बाजूला असते. बाजूला होडी घसरू नये म्हणून तिच्या पोटातून पाण्यात एक उभी फळी सोडलेली असते. वरून वाऱ्याचा दाब, खालून फळीचा अडसर, या दोघांच्या मध्ये होडी पुढे सटकते. फणसाची ओली आठळी दोन बोटांच्या चिमटीत दाबली की कशी सुळकन पुढे उडते, तसं. अगदी वाऱ्याच्या तोंडावर मात्र कुठलीच शिडाची होडी जात नाही. वाऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला साधारण ४५ अंश सोडून, एकदा इकडे तिरकी, एकदा तिकडे तिरकी, अशी ती चढत येते. घाटातला रस्ता सरळ डोंगरावर जात नाही, वळणं घेत जातो, तसंच. घर समोर ३ किलोमीटर दिसत असेल तर ४ किलोमीटरहून जास्त कापावं लागतं. वेळ लागतो, पण घर येतं.

हे कळल्यावर त्या ताईंचा चेहरा थोडा सैल झाला. आणि आम्हाला एक माप सापडलं. शिडाच्या होडीचा कुठलाही प्रकार समोर आला की आम्ही तेच विचारू लागलो: यातून परत यायची सोय काय? पाण्यातून परत यायची, पैशातून परत यायची, वेळेतून परत यायची.

आता शर्यतीचं नौकानयन घेऊ, कारण मुलींच्या बाबतीत बहुतेक वेळा तेच समोर येतं.

लहान मुलांच्या होडीला ऑप्टिमिस्ट म्हणतात. जेमतेम साडेसात फूट लांब, नाक कापल्यासारखी चौकोनी, एकच शीड. ३५ किलोची असते, म्हणजे दोन मुली ती उचलून पाण्यापर्यंत नेतात. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने मुलांना स्वस्तात पडावी म्हणून साध्या प्लायवूडच्या फळ्यांतून ती आखली, आणि आज जगभरची मुलं तिच्यावरच शिकतात. १५ वर्षांपर्यंत या होडीवर शर्यती करता येतात.

त्यानंतरची होडी आयएलसीए. जुनी मंडळी तिला लेझर म्हणतात. १४ फुटांची, एकट्या माणसाने चालवायची. या होडीची गंमत आम्हाला फार आवडली. होडी तीच, शिडं तीन. सर्वांत लहान शीड ४.७ चौरस मीटरचं, मधलं ५.८ च्या जवळपास, मोठं ७ च्या थोडं वर. अंगाने हलक्या, लहान वयाच्या मुलीला पहिलं. मधल्या शिडावर बायांची ऑलिंपिक शर्यत होते, मोठ्यावर पुरुषांची. का, तर वाऱ्याने शीड एका बाजूला झुकलं की आपण दुसऱ्या बाजूला होडीच्या काठावर बसून, पट्ट्यात पाय अडकवून, पाठ पाण्यावर टाकायची आणि अंगाच्या वजनाने होडी सरळ ठेवायची. वजन कमी आणि शीड मोठं, तर होडी उलटणार. तेव्हा 'मोठ्या मुलं चालवतात तेच शीड मला द्या' असा हट्ट इथे कामाचा नाही. परकर बेताचा घालावा तसं शीडही अंगाबेताचं घ्यावं.

याच लहान शिडावर, आयएलसीए ४ या प्रकारात, नेहा ठाकूर या मुलीने २०२३ साली चीनमध्ये झालेल्या आशियाई खेळांत रौप्यपदक मिळवलं. तेव्हा ती १७ वर्षांची होती. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. मध्य प्रदेशाला समुद्र नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. ती शिकली भोपाळच्या बड्या तलावावर, तिथल्या सरकारी नौकानयन प्रशिक्षण केंद्रात. हैदराबादेतही हुसेनसागरावर साध्या घरांतल्या मुलींना शीड शिकवलं जातं. म्हणजे आमच्या घाटावरच्या मैत्रिणींनी, धरणाकाठच्या गावांनी 'हे काही आमचं नव्हे' म्हणून रेडिओ बंद करू नये. फक्त धरणाचा वारा समुद्रापेक्षा लहरी असतो. डोंगराच्या खिंडीतून एकदम झोत येतो आणि दोन मिनिटांत मरतो. तिथे शिकणाऱ्याचं लक्ष चांगलं तयार होतं, पण सुरुवातीला उलटणंही जास्त. आणि धरणात होडी घालायची तर जलसंपदा विभागाला विचारल्याशिवाय घालता येत नाही.

शर्यतीचे गुण कसे मोजतात ते ऐका, बायांना पटेल असं आहे. पहिला आला त्याला १ गुण, दुसऱ्याला २, दहावा आला तर १०. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला. एका स्पर्धेत अशा बऱ्याच फेऱ्या होतात आणि त्यांतली सर्वांत वाईट फेरी बेरजेतून वगळतात. म्हणजे एखाद्या दिवशी डोकं दुखलं, वारा फिरला, शेवटची आली, तरी सगळं गेलं असं होत नाही. पण रोज बऱ्यापैकी यावं लागतं. एक दिवस चमकून दोन दिवस गायब होणारीचं तिथे चालत नाही. गटाच्या हप्त्यासारखंच आहे म्हणा ना.

काही मुलींना होडीत एकटं बसवत नाही. त्यांच्यासाठी दोघींच्या होड्या आहेत. एकीच्या हाती सुकाणू आणि मोठं शीड, दुसरीकडे पुढचं शीड, आणि ती कमरेच्या पट्ट्याने तारेला लटकून पूर्ण होडीबाहेर उभी राहते. वर्षा गौतम आणि श्वेता शेरवेगर या दोघींनी २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत दोघींच्या होडीवर रौप्यपदक मिळवलं. ज्यांनी जात्यावर दोघींनी दळलं आहे त्यांना हे समजवायला नको. एकीचा हात थांबला की खुंटा जड होतो. जोडीदारीण बदलली की लय पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते. म्हणून दोघींच्या होडीत मैत्रीण कोण, हा प्रश्न होडीच्या किमतीइतकाच मोठा.

मुलींच्या आयांचे आणखी प्रश्न होते. ते आम्ही झाकून ठेवणार नाही. उन्हात काळी पडेल, मग स्थळं येतील का? पाळीच्या दिवसांत काय? कपडे कसले? राहणार कुठे, सोबत बाई आहे का? शेवटच्या प्रश्नावर गट अडून बसला, आणि बरोबर अडला. शिबिरात बाई प्रशिक्षक किंवा मुलींसोबत मुक्कामाला बाई नसेल तर आम्ही मुलगी पाठवणार नाही, हे ठरलं. पाळीचं म्हणाल तर पोहण्याला जे लागू तेच याला. त्या दिवसांत उतरायचं की नाही हे मुलीला ठरवू द्यावं. कपडे अंगासरशी, लांब बाह्यांचे, ओढणी नाही, दोरीत अडकतं. काळी पडण्याबद्दल आमच्यातल्या एका काकींनी विचारलं, भात लावताना पोरगी उन्हात असते तेव्हा स्थळाची आठवण कुणाला येते? तो मुद्दा तिथेच संपला.

मग कर्ज. आमच्या वहीत कर्जाचं कारण लिहायचा रकाना आहे. आजारपण, शिक्षण, धंदा, घरदुरुस्ती, असं लिहितो. शिबिर कशात घालायचं? एक ताई म्हणाल्या, हा खेळ आहे, खेळाला गटाचे पैसे कशाला? दुसऱ्या म्हणाल्या, मुलाला क्रिकेटची बॅट घ्यायला मागच्या वर्षी घरखर्च म्हणून लिहून दिलं होतं ते कुणाला आठवतं का? थोडी गरमागरमी झाली. शेवटी रकान्यात शिक्षण लिहिलं. आमच्या मते ते योग्यच झालं. वाऱ्याची दिशा ओळखणं, दोऱ्यांच्या गाठी, हवामान वाचणं, अडचणीत डोकं शांत ठेवणं, हे शिक्षण नाही तर काय?

मुलगी गेली. पहिल्याच दिवशी शिकवलं काय, तर होडी उलटी करायला. मुद्दाम उलटवायची, पाण्यात पडायचं, पोहत फिरून त्या पोटाखालच्या फळीपाशी यायचं, फळीवर चढून मागे झुकायचं, होडी हळूहळू उठते, मग आत चढायचं. हे जमल्याशिवाय पुढचं शिकवत नाहीत. हे ऐकून आम्हाला बरं वाटलं, कारण परत यायचा धडा पहिला आला. एकटीची होडी तिला फारशी रुचली नाही, घरी येऊन सांगते, एकटीने सगळं ठरवायचं म्हणजे घशाला कोरड पडते. दोघींच्या होडीत पुढे बसायला आवडलं. तिला तिचा प्रकार दहा दिवसांत कळला. पण पुढचं वर्ष दहावीचं, आणि शर्यतीची तयारी म्हणजे वर्षभर पाणी, घरापासून दूर. तिचे आई-वडील अजून ठरवत आहेत. आम्ही त्यांना घाई केलेली नाही.

दुसरा मोठा प्रकार म्हणजे लांबच्या सफरीचं नौकानयन. हे आपल्यापैकी कुणी उद्या करणार नाही, तरी माहीत असावं, कारण यात आपल्या किनाऱ्याचा हात आहे. २००९ साली मुंबईहून निघून दिलीप दोंदे हे नौदलातले अधिकारी म्हादेई नावाच्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० साली परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. म्हादेई गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली होती. त्याच कारखान्यात पुढे तारिणी बांधली, ५६ फुटांची. आणि १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून तारिणी घेऊन नौदलाच्या ६ बाया निघाल्या. प्रमुख वर्तिका जोशी, सोबत प्रतिभा जामवाल, स्वाती, विजया देवी, ऐश्वर्या आणि पायल गुप्ता. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण अमेरिकेचं टोक, आफ्रिकेचं टोक, असं करत २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी परत गोव्यात. पुढे २ ऑक्टोबर २०२४ ला त्याच तारिणीतून दोघीच निघाल्या, दिलना आणि रूपा, आणि २९ मे २०२५ ला परत आल्या.

यात शक्तीपेक्षा काय लागतं, तर झोप तुकड्या-तुकड्यांनी घेता येणं. दोघीच असताना एकीने कायम जागं. तान्ह्या बाळाची आई असलेल्यांना याचा सराव आहे, पण तोही महिनोन्‌महिने नसतो. गोडं पाणी मापून. मोडलं ते आपणच दुरुस्त करायचं, तिथे मिस्त्री येत नाही. पहिल्या सहाजणींना परतीच्या वाटेवर सुकाणूत बिघाड झाल्याने ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं. त्या थांबल्या, दुरुस्ती केली आणि मग आल्या. आम्हाला यातलं थांबणं मोठं वाटतं. प्रदक्षिणेच्या भरात पुढे रेटलं नाही.

कुणाच्या मुलीला हे करायचं असेल तर वाट सरळ आहे पण लांब. शिक्षण, मग नौदलाची परीक्षा. पहिल्या सहाजणींनीही जगप्रदक्षिणेआधी लहान-मोठ्या सफरींचा सराव वर्षानुवर्षं केला, मग निघाल्या.

तिसरा प्रकार आपल्या गटाच्या कामाचा, म्हणून तो जरा सविस्तर. मजेसाठी, फिरण्यासाठी, पाहुण्यांना घेऊन शीड. ऐकायला छान. डिझेल नाही, आवाज नाही, धूर नाही, कांदळवनातले पक्षी उडत नाहीत. आम्हीही भुललो होतो. मग खाडीवर बसून आठवडाभर पाहिलं. सकाळी आठला पाहुणे येतात तेव्हा खाडीत वारा जवळजवळ नसतो, असला तर मतलई, समुद्राकडे ओढणारा. अकरा-बारानंतर खारा वारा धरतो, तेव्हा पाहुणे जेवायला गेलेले. चारला ते परत येतात तेव्हा वारा जोरात, एप्रिल-मे असेल तर फारच. शिवाय कांदळवनाच्या अरुंद फाट्यांत डोलकाठी फांद्यांना अडकते. आणि घाटातल्यासारखी वळणं घेत परत यायला जागा लागते, ती अरुंद खाडीत नाही. पाहुण्याची पाच वाजताची गाडी असते. वाऱ्याला पाच वाजतात हे कळत नाही.

इंजिनाचंही पाहिलं. इंजिनाची होडी वेळेवर जाते, वेळेवर येते. पण कर्ज मोठं, डिझेल रोजचं, आणि बिघडलं की पुरुष मिस्त्रीच्या मागे फिरायचं. पावसाळ्याचे चार महिने होडी ओढून ठेवायची, हप्ता मात्र चालू. चार महिने उत्पन्न नसताना हप्ता कुठून येणार, याचं उत्तर ज्या गटाकडे आधीपासून आहे त्यांनी जरूर घ्यावी. आमच्याकडे नव्हतं.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बाया वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर करवतात, हे तुमच्यापैकी बऱ्याचजणींना ठाऊक असेल. स्वतः वल्हं मारतात, स्वतः माहिती सांगतात. आमचा कल आता तिकडे आहे. वल्ह्याची होडी कामाला, आणि एक लहान होडी शीड लावून आपल्या शिकण्याला. शिडाच्या होडीतही वल्हं ठेवायचंच, वारा मेला तर घरी यायला.

कसलीही होडी असो, पैसे घेऊन माणसं न्यायची तर आधी बंदर खात्याच्या कचेरीत जायचं. परवाना, होडीची तपासणी, किती माणसं बसवायची त्याचा आकडा, विमा. हे चार कागद नसताना एक फेरीसुद्धा नको, शेजारचा करतो म्हणूनही नको. आणि लाइफ जॅकेट मोजून नव्हे, बांधून. २०२४ च्या डिसेंबरात मुंबईहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीचा अपघात आठवा. होडीच्या फळीखाली रचून ठेवलेलं जॅकेट बुडताना हाताला लागत नाही. पाहुणा कुरकुरला, फोटो चांगला येत नाही म्हणाला, तर त्याला होडीत घेऊ नका. गेला तर जाऊ दे. लहान मुलांच्या मापाची जॅकेटं वेगळी घ्यावी लागतात, मोठ्यांचं जॅकेट पोराच्या डोक्यावरून निघून जातं.

पोहण्याबद्दल बऱ्याचजणी विचारतात. पोहता आलंच पाहिजे का? आमचं मत, हो. ऑलिंपिकची नव्हे, पण जॅकेट घालून अर्धा तास पाण्यात न घाबरता राहता आलं पाहिजे. आमच्या गटातल्या सातजणी या दोन वर्षांत शिकल्या, त्यांत एक काकी ५४ वर्षांच्या. वयाचं कारण आता कुणी सांगत नाही.

आता शिकायचं कधी, यात आपल्या पंचांगाचा उपयोग होतो. जुनं गणित तुम्हाला माहीत असेल, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. गावागावात थोडा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. नवशिक्यांनी पाणी चढत असताना उतरावं, कारण ओहोटी समुद्राकडे ओढते, भरती आत आणून सोडते. आणि वाराही खारा हवा, तोही घराकडे आणणारा. दोर तुटला, वल्हं हातातून गेलं, काही झालं तरी पाणी आणि वारा दोघं मिळून होडी काठाला लावतात. खारा वारा धरतो बाराच्या सुमाराला. मग भरती दोन-तीनला पूर्ण होणारी हवी. तृतीयेला येते सव्वादोनला, चतुर्थीला तीनला. चतुर्थी पाण्याला सोयीची आहे, पण वद्य पक्षात तिला संकष्टी येते आणि आमच्यातल्या निम्म्या उपाशी असतात. उपाशी पोटी पाण्यात चक्कर येते. म्हणून आम्ही तृतीया धरली.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने शिकायला चांगले. मार्चपासून दुपारचा वारा चढत जातो, मेअखेर होडी वर ओढायची. मध्ये नारळी पौर्णिमेला पूजेपुरती काढली तरी शिकायला म्हणून काढायची नाही, तेव्हा समुद्र नुसता दिसायला शांत असतो.

दिवाळीनंतरच्या पहिल्या तृतीयेला, कार्तिक शुद्ध तृतीयेला, आम्ही दुपारी बाराला जेट्टीवर असू. नववीतली ती मुलगी, म्हणजे आता दहावीतली, गाठी शिकवणार आहे. दुसऱ्या गटांतल्या ज्यांना यायचं त्यांनी आपल्या सहयोगिनीकडे नाव द्या. साडी नको, सलवार किंवा ट्रॅक पँट चालेल. जेवून या, पण दडपून नको. कोरडे कपडे आणा, पिशवीला नाव घाला, आणि मंगळसूत्र, बांगड्या घरी ठेवून आलात तर कुणी काही म्हणणार नाही.